काटा अर्ध्यावर

ब्रेकबाईंच्या घरच्या गाडीत एक गोष्ट पाहण्यासारखी होती. चालवणाऱ्याच्या पायाखालची रबरी मॅट नव्यासारखी आणि शेजारच्या सीटसमोरच्या मॅटला बशीएवढं भोक. गाडी बहुतेक वेळा त्यांचे यजमान चालवत. बाई शेजारी बसत आणि जिथे ब्रेक नव्हता तिथे ब्रेक दाबत.

एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. गावातले डॉक्टर, वकील, दुधाच्या गाड्या चालवणारे, एक न्यायाधीश, असे चारेक हजार लोक त्या ब्रेकने कधी ना कधी पुढच्या काचेच्या दिशेने गेलेले होते. लोक म्हणत, बाईंचा व्यवसाय गाडी चालवायला शिकवण्याचा. खरं पाहता तो थांबवण्याचा होता. एकतीस वर्षांत ती गाडी चाळीसच्या पुढे क्वचित गेली, आणि गेली तेव्हा लगेच परत आली.

बाईंच्या शिकवणीत दोन गोष्टींवर तडजोड नव्हती. वळताना सिग्नल द्यायचा, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. "तो दुसऱ्यासाठी नसतो," त्या सांगत. "आपण वळतोय हे आधी आपल्याला कळावं म्हणून असतो." दुसरी गोष्ट पेट्रोलची. काटा अर्ध्याखाली गेला की टाकी रिकामी समजायची आणि पंप गाठायचा. पाव टाकीवर फिरणारा माणूस त्यांच्या लेखी खोटं बोलणाऱ्याच्या जवळपासचा होता.

निवृत्तीच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात बाईंनी बावीस वर्षं जुनी, करड्या रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली.

यजमान जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. चुका शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बायकोच्या बाबतीत हा उद्योग त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बंद केला होता. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"मागे कुठे बसायचं?"

"मागे नाहीच आहे."

"आणि सामान?"

"सामान घेऊन कुठे जायचंय आपल्याला?"

यजमानांनी मान डोलावली आणि विषय मिटला.

बाईंना कुठे जायचं होतं हे मात्र ठरलेलं होतं. गावाबाहेर डोंगरावर जाणारा पाच किलोमीटरचा रस्ता आहे, अकरा वळणांचा. वर्षातून एकदा तो रविवारपुरता बंद करतात आणि त्यावर गाड्यांची चढाची शर्यत होते; त्याआधी सरावासाठीही काही सकाळी तो बंद ठेवतात. एकेक गाडी सुटते, घड्याळ लावतात. चार मिनिटांच्या आत जो वर पोचतो त्याचं नाव माथ्यावरच्या फलकावर कायमचं लागतं. बाकीच्यांना कागद मिळतो, "भाग घेतला" असा. बाईंना तो रस्ता दगडन् दगड पाठ होता, कारण तिसऱ्या वळणावरच्या सपाट तुकड्यावर त्यांनी चार हजार लोकांना चढावर गाडी सुरू करायला शिकवलं होतं. पण सगळा रस्ता पाठ होता तो शेजारच्या सीटवरून आणि ताशी तीसच्या वेगाने.

नव्या गाडीवर त्यांनी पहिल्या सरावात चार मिनिटं बावीस सेकंद घेतली. पंच त्यांचाच विद्यार्थी, तिसऱ्या प्रयत्नात पास झालेला. तो म्हणाला, "बाई, छानच की!" हे "छानच की" बाई स्वतः एकतीस वर्षं कुणाला म्हणत आल्या होत्या ते त्यांना नीट माहीत होतं. शर्यतीला वयाची अट बासष्टची होती आणि बाई पुढच्या मार्चमध्ये त्रेसष्टच्या होणार होत्या. म्हणजे फलकावर लागायचं तर याच वर्षी.

दोन गॅरेजवाल्यांनी त्यांना "साहेबांना पाठवा" असं सांगितलं. तेव्हा त्या धाकट्या भावाकडे गेल्या, जिथे मुळात आधी जायला हवं होतं.

भाऊ छप्पन्न वर्षांचा आणि त्याचं नाव छोट्या. नाव पडलं तेव्हा ते योग्य होतं. त्याचं इंजेक्टर साफ करायचं दुकान होतं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारी बोटाएवढी तोटी. छोट्या चार इंजेक्टर एका यंत्राला लावी, खाली चार काचेच्या नळ्या. मिनिटभर फवारा मारायचा आणि नळ्यांतल्या पातळ्या बघायच्या. तो चष्मा कपाळावर सरकवून, गुडघ्यात वाकून, डोळा पातळीच्या रेषेत आणून पाही. केसाएवढा फरक दिसला की तो इंजेक्टर पुन्हा आंघोळीला. हे त्याने तीस वर्षं केलं होतं, टॅक्सींसाठी आणि मालवाहू गाड्यांसाठी. पळणाऱ्या गाडीशी त्याचा संबंध आला नव्हता.

"छोट्या, टर्बो बसवायचा."

"कुणाच्या गाडीला?"

"माझ्या."

"कशाला?"

"चढ चढायला."

"ताई, चढ ती चढते की."

"चढते. मला पळत चढायचाय."

छोट्याने हात पुसले, म्हणजे काम घेतलं. टर्बो म्हणजे काय हे भावोजींना समजावून सांगायचं कामही त्याच्याकडेच आलं.

"इंजिनाचा धूर बाहेर फुकट जातो ना, त्यावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा. तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त."

"आणि पेट्रोल?"

"तेही जास्त लागतं. मोठा पंप, मोठे इंजेक्टर. हवा कोंबली आणि पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो."

"वितळतो म्हणजे?"

"मेणबत्तीसारखा."

"हे हिला सांगितलंस?"

"तिनेच मला सांगितलं. पुस्तक वाचून आलीय."

काम आठ आठवडे चाललं. धुराच्या जुन्या नळकांड्याचे दोन बोल्ट गंजून इंजिनातच तुटले. ते ड्रिलने पोखरून काढण्यात चार दिवस गेले. टर्बोला तेल नेणारी बारीक नळी आणि तेल परत आणणारी जाड नळी, तीही उताराने, नाहीतर तेल परत यायला कंटाळा करतं. कोंबलेली हवा तापते, तिला थंड करायला गाडीच्या नाकामागे जाळीचा चपटा खोका. त्यासाठी बंपर आतून कापावा लागला, तेव्हा बाई ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारख्या दारात उभ्या होत्या. नवे इंजेक्टर पाकिटातून काढून छोट्याने आधी आपल्या नळ्यांवर लावले. चारातला एक कमी पडला, तो त्याने परत पाठवला. दुकानदार म्हणाला, नवे तपासणारा तू पहिलाच. छोट्याला ती स्तुती वाटली.

शेवटी गाडीच्या संगणकाला नवा हिशेब शिकवायचा होता. छोट्या तीन आठवडे जाडजूड मार्गदर्शिका वाचत होता. त्या हिशेबात त्याने स्वतःचं एक कलम घातलं. पेट्रोलचा दाब पडला तर संगणकाने कुणाला काही न विचारता इंजिन बंद करायचं. पिस्टन वितळण्यापेक्षा गाडी थांबलेली बरी.

"म्हणजे दुसरा ब्रेकच," बाई खूश होऊन म्हणाल्या.

शर्यतीच्या आदल्या रविवारी शेवटचा सराव होता. छोट्याला बघवलं नसतं म्हणून तो दुकानात थांबला. बाईंची गाडी सुटली ती टर्बोची शिट्टी मारत सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्या लांबलचक डाव्या वळणावर इंजिन गप्प झालं. गाडी त्या सपाट तुकड्यावर येऊन थांबली, जिथे चार हजार लोकांच्या गाड्या बंद पडल्या होत्या. पंचाने दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बीण खाली ठेवली. गुरूचं असं काही बघू नये असं त्याला वाटलं असावं.

इंजिन लगेच पुन्हा सुरू झालं. पुढच्या फेरीत ती तिथेच पुन्हा बंद पडली. दुपारी बाई गाडी घेऊन दुकानात आल्या.

छोट्याचा पहिला प्रश्न बरोबर होता. "टाकी किती होती?"

बाई ताठ झाल्या. "छोट्या! हे तू मला विचारतोस?"

छोट्या ओशाळला. "चुकलं." त्याने तो मुद्दा मनातून खोडून टाकला. काटा पाहिला तर तो टाकी भरलेलीच दाखवत होता.

बाईंनी खोटं काहीच सांगितलं नाही, हे नोंदवून ठेवायला हवं. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. घडलं होतं ते असं. आदल्या आठवड्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता गावातला दंतवैद्य आणि लाल गाडीचा मालक, गाडीच्या काट्याकडे पाहून हसला होता. "बाई, भरली टाकी घेऊन डोंगर चढता? सहावीतल्या मुलाला पाठुंगळी घेऊन पळण्यासारखं आहे ते. सगळे जेमतेम पेट्रोल ठेवतात." हे बाईंना लागलं. सरावाच्या सकाळी त्यांनी हातपंपाने टाकीतलं पस्तीस लिटर पेट्रोल दोन डब्यांत काढलं, दहा लिटर ठेवलं आणि डबे मागच्या शेडमध्ये पोत्याखाली लपवले. गाडी बंद पडल्यावर, भावाकडे जाण्याआधी, त्यांनी पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. लाजेपायी, दुसरं काही नाही. ज्या कारणासाठी त्यांनी माणसं गाडीतून उतरवली होती, तेच त्यांनी केलं होतं.

संगणकाच्या नोंदीत दिसत होतं की वळणावर पेट्रोलचा दाब एका सेकंदात शून्यावर आला आणि दोन सेकंदांनी परत चढला. छोट्याने तो आलेख छापून भिंतीवर चिकटवला आणि सोमवारपासून त्याच्यासमोर उभा राहू लागला. सोमवारी त्याने पंपाच्या वायरी बदलल्या. मंगळवारी फिल्टर. बुधवारी नवाच पंप आणून बसवला. गुरुवारी सकाळी चारही इंजेक्टर काढून नळ्यांवर लावले. चारही पातळ्या एका रेषेत, गणवेशातल्या मुलांसारख्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो ताईच्या शिकवणीप्रमाणे टाकी भरे आणि तिसऱ्या वळणावर जाऊन येई. गाडी त्याच्यासमोर इतकी शहाण्यासारखी वागे की त्याला तिचा राग येऊ लागला.

दोष आपल्याच कामात आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. गुरुवारी दुपारी त्याने फोन केला.

"ताई, उद्या टर्बो उतरवतो."

"का?"

"जो दोष मला सापडत नाही, तो गाडीत ठेवून मी तुला घाटात पाठवणार नाही. जुनं सगळं जपून ठेवलंय. पळशील नाही, पण पोचशील."

"चार मिनिटं बावीस सेकंदांत."

"हो." मग तो म्हणाला, "माझ्याच्याने नाही झालं गं."

बाईंनी फोन ठेवला. यजमान पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. छापील मजकुरातल्या चुकांभोवती गोल करणं हा त्यांचा विरंगुळा होता.

"त्या दोन डब्यांचं काय करायचं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"कुठले डबे?"

"शेडमधले. पोत्याखालचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोतं उलटं ठेवलंयस. मी काही म्हणत नाही, नुसतं विचारतोय."

शुक्रवारी सकाळी बाई दुकानात शिरल्या तेव्हा छोट्या बॉनेटमध्ये अर्धा गडप झालेला होता. टर्बोचे दोन नट निघून ताटलीत पडले होते. बाईंनी बरोबर आणलेला डबा बाकावर ठेवला. तो मोठ्याने वाजला.

"हे काय?"

"पेट्रोल."

"कुणाचं?"

"या गाडीचं. अजून एक घरी आहे."

छोट्या बाहेर आला. त्याने डब्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं.

"रविवारी टाकीत किती होतं?"

"दहा लिटर."

छोट्या स्टुलावर बसला. "ताई, तू?"

बाईंनी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"सतराव्या वर्षी तू मला भर बाजारात गाडीतून उतरवलं होतंस. काटा पावावर होता म्हणून."

"होतं."

"चालत घरी आलो मी. पाऊण तास."

"माहीत आहे. मी मागून हळूहळू गाडी चालवत येत होते."

ही माहिती छोट्याला एकोणचाळीस वर्षांनी मिळत होती. त्याला हसू यायला लागलं, मग आवरेना. "चार दिवस मी स्वतःला शिव्या घालतोय, ताई! नवा पंप आणला!"

"मला घालायच्या होत्यास."

"सुचलंच नाही! जगात कुणाचाही काटा खाली गेला असेल असं वाटलं असतं. तुझा सोडून."

त्याने डबा उचलला आणि तिरका केला. आतलं पेट्रोल गडगडत एका कोपऱ्यात गेलं. "ऐकलंस? टाकीतला पंप डाव्या कोपऱ्यात आहे. लांब डाव्या वळणावर सगळं पेट्रोल उजवीकडे पळतं. टाकी भरलेली असली तर फरक पडत नाही. दहाच लिटर असलं तर पंप हवा ओढतो. दाब शून्य. आणि माझं कलम इंजिन बंद करतं."

"मग सोपं आहे. टाकी भरून जाते. तो दातवाला काय म्हणायचं ते म्हणो."

हा तोडगा होता आणि छोट्याने तो मान्य केला असता, गुरुवारपर्यंत. "नाही," तो म्हणाला. "आता दोष सापडलाय. सापडलेला दोष झाकून गाडी द्यायची माझी पद्धत नाही. शिवाय ते वजन आहेच. उद्याचा दिवस दे."

त्याने दोन नट ताटलीतून उचलले आणि जागच्या जागी घट्ट केले.

शनिवारी त्याने डिकीत दीड लिटरचं एक ॲल्युमिनियमचं भांडं बसवलं. टाकीतला पंप आता फक्त हे भांडं भरलेलं ठेवणार आणि दुसरा पंप या भांड्यातून इंजिनाला पेट्रोल देणार. वळणावर टाकीने दोन सेकंद दगा दिला तरी भांड्यात साठा असतो. बुधवारी काढलेला पंप, जो त्याने रागाने कोपऱ्यात टाकला होता, तो इथे कामी आला. भावोजी बघायला आले होते.

"म्हणजे गच्चीवरची टाकी," ते म्हणाले. "नळ गेला तरी घरात पाणी."

"भावोजी, हे मी रात्रभर वाचून समजून घेतलं."

"छपाई बारीक असेल."

राहिली चाचणी. ती टाकी भरून करता येणार नव्हती, आणि दोघा भावंडांनी दुसऱ्या कुठल्याही प्रकारे गाडी कधी चालवली नव्हती. दुपारी ते बंद गोदामांच्या मधल्या मोकळ्या मैदानावर गेले. छोट्याने टाकीत सहा लिटर ठेवलं. किल्ली फिरवली तसा पेट्रोलचा पिवळा दिवा पेटला. बाईंनी तो आयुष्यात पहिल्यांदा पेटलेला पाहिला. पिवळा असतो हे त्यांना चित्रावरून माहीत होतं.

"विझव तो," त्या म्हणाल्या.

"विझवायचा नाहीये, ताई. तसंच जायचंय."

बाईंनी डावीकडे वळायचा सिग्नल दिला आणि गाडी गोल फिरवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात, मग इतकी जोरात की छोट्या ताईच्या बाजूला कलंडला. मांडीवरच्या संगणकात दाबाची रेषा पाहायची होती. रेषा सरळ होती. दहा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या, रेषा तशीच. छोट्याच्या नळीतल्या पातळीसारखी.

"छोट्या, पाय खाली ठेव," बाई समोर पाहत म्हणाल्या. "तिथे काही नाहीये."

छोट्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय मॅटवर पूर्ण ताकदीने रुतलेला होता.

रविवारी तो दुकानात थांबला नाही. भावोजींना घेऊन तिसऱ्या वळणावरच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. हातात पेट्रोलचा डबा होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. टाकीत आठ लिटर होतं. असली गाडी त्याने जन्मात कुणाच्या हातात दिली नव्हती. सकाळी किल्ली देताना त्याचा हात थोडा रेंगाळला होता, आणि बाईंनी ती ओढून घेतली होती.

लाल गाडी गेली. आणखी दोन गेल्या. मग खालून शिट्टी ऐकू आली. छोट्याने डोळे मिटले. मुद्रितशोधकाने मिटले नाहीत; नजर हटवायची नाही हा त्यांचा धंदा होता. करडी गाडी वळणात शिरली. डावा सिग्नल चालू होता, टकटकत. गाडी एका बाजूला कलली, सगळं पेट्रोल जिथे जायचं तिथे गेलं असणार, आणि शिट्टी तशीच वर चढत गेली. सपाट तुकडा आला आणि मागे पडला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गेली?" छोट्याने विचारलं.

"गेली. डोळे उघड."

तीन मिनिटं सत्तावन्न सेकंद. तेवीस गाड्यांत एकोणिसाव्या. पण फलकाला क्रमांक कळत नाहीत, चार मिनिटं कळतात. पंच कागद घेऊन आला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

"बाई, तुम्ही अकराही वळणांवर सिग्नल दिलात."

"मग? वळले ना अकरा वेळा."

"नाही, नियमात बसतं. मी फक्त नोंद केली."

"छानच की," बाई म्हणाल्या.

गाड्या खाली उतरल्या तेव्हा छोट्या डबा घेऊन पुढे आला आणि टाकीचं झाकण उघडायला वाकला. पिवळा दिवा कधीपासून पेटलेला होता. बाईंनी काट्याकडे पाहिलं. मग डोंगराकडे, मग पुन्हा काट्याकडे.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "घरापर्यंत पुरेल. बस."

छोट्याने डबा भावोजींच्या हातात दिला आणि आत बसला. गाडीत सीट दोनच होत्या. यजमान रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभे राहिले. गाडी निघाली, आणि मोकळ्या रस्त्यावर, कुणी नसताना, तिने उजवीकडचा सिग्नल दिला. त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही.